पुण्यात मेटलर्जी (धातुशास्त्र) शिकायला आलेल्यांसाठी

लातूर, जळगाव, चंद्रपूर, कुठूनही आलात तरी पुण्यातले पहिले पंधरा दिवस खोली, मेस आणि पास यांतच जातात. सीओईपी हे इंजिनिअरिंग कॉलेज शिवाजीनगरला आहे. हॉस्टेल मिळाले नाही तर नरवीर तानाजीवाडी, मॉडेल कॉलनी किंवा मेट्रोच्या वाटेवरची खडकी, दापोडी बघा. डिपॉझिटची पावती घ्या, आणि मेसचे महिन्याचे पैसे भरण्याआधी दोन-चार दिवस जेवून बघा. १८५४ पासूनचे हे कॉलेज २०२२ मध्ये स्वतंत्र विद्यापीठ झाले. अभ्यासक्रम आणि परीक्षा त्याचेच, म्हणून जुन्या प्रश्नपत्रिका आणि जर्नल तिथल्याच सीनिअर दादा-तायांकडून घ्या.

पहिले वर्ष बहुतेक सगळ्या शाखांना सारखेच असते. खरी मेटलर्जी दुसऱ्या वर्षी सुरू होते, आणि आम्हा आधी आलेल्यांचे एकच आग्रहाचे सांगणे आहे: पोलादाचा नमुना कापण्यापासून सूक्ष्मदर्शकाखाली बघण्यापर्यंत सगळे स्वतःच्या हाताने करायला शिका. प्रॅक्टिकलच्या बॅचमध्ये एकजण घासतो आणि बाकीचे आकृती उतरवून घेतात. तसे केलेत तर व्हायवा निघून जाईल, पण धातू कळणार नाही.

सराव एन-८ च्या सळीवर करा. हे सुमारे ०.४ टक्के कार्बनचे पोलाद वर्कशॉपच्या तुकड्यांत सहज सापडते. कापताना कूलंट चालू ठेवा. कडा निळी पडली म्हणजे तापली, आणि नमुना हार्डन (कडक) केलेला असेल तर तिथली रचना बदललेली असते. मग जे दिसते ते तुमच्या कापण्याचे असते, उष्णता-प्रक्रियेचे नव्हे. बारीक तुकडा बेकेलाइटमध्ये बसवताना साचा १५० अंशांच्या आसपास जातो. नुकत्याच क्वेंच केलेल्या (तापवून झटकन थंड केलेल्या) मार्टेन्साइटला, म्हणजे पोलादाच्या कडक रचनेला, तेवढी उष्णताही चालत नाही, त्याला थंडपणे जमणारे रेझिन वापरा.

घासायला वॉटरपेपर लागतो, क्रमांक जितका मोठा तितका पेपर बारीक: २२०, ४००, ६००, ८००, १०००. रविवार पेठेतल्या बोहरी आळीत हार्डवेअरच्या दुकानांत मिळतो. प्रत्येक पेपरवर नमुना आधीच्या दिशेशी काटकोनात धरा आणि जुने ओरखडे पूर्ण जाईपर्यंत पुढच्या पेपरकडे वळू नका. मध्ये नमुना आणि हात दोन्ही नळाखाली धुवा. २२० चा एखादा कण १००० वर आला की पॉलिशिंगमध्ये तासभर गेला तरी तो ओरखडा हटत नाही. जोर एकाच बाजूला पडला तर पृष्ठभागाला दोन पातळ्या येतात, आणि सूक्ष्मदर्शकाखाली अर्धाच भाग फोकसमध्ये येतो.

मग कापडाच्या चकतीवर एक मायक्रॉन अ‍ॅल्युमिना, त्यानंतर ०.३. नमुना एकाच जागी दाबून धरू नका, नाहीतर इन्क्लूजनमागे (धातूत अडकलेल्या परक्या कणांमागे) धूमकेतूसारखी शेपटी उमटते. कास्ट आयर्न फार वेळ घासले तर ग्रॅफाइट उपटून येते आणि मागे नुसते खड्डे राहतात.

इथे बहुतेकजण घाई करून एचिंगला (रचना दिसावी म्हणून आम्लाने पृष्ठभाग किंचित खाऊ देण्याला) धावतात. आधी एकदा तसेच बघा. इन्क्लूजन, सच्छिद्रता आणि ग्रॅफाइटचा आकार एचिंगआधीच नीट दिसतात. नंतर २ टक्के नायटल करा: ९८ मिली इथेनॉलमध्ये २ मिली तीव्र नायट्रिक आम्ल, आम्ल अल्कोहोलमध्ये हळूहळू, हूडखाली, चष्मा आणि हातमोजे घालून. उरलेले घट्ट बुचाच्या बाटलीत ठेवू नका, वायू साचून दाब वाढतो. टाकायचे कुठे ते लॅबमधल्या मामांना विचारा. पाच ते पंधरा सेकंदांत चकाकी मंदावते, तिथेच थांबा. पाणी, मग अल्कोहोल, मग ड्रायरची गरम हवा. पर्लाइट (फेराइट, म्हणजे जवळजवळ शुद्ध लोह, आणि लोह-कार्बाइड यांच्या पातळ थरांची रचना) काळाकुट्ट दिसला तर एचिंग जास्त झाले, परत कापडावर न्या. ४००-५०० पटीला थर सुटे दिसायला हवेत.

पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर, इथल्या हवेत एच केलेला नमुना रात्रीत गंजतो. फोटो त्याच दिवशी काढा. नमुना सिलिका जेल घातलेल्या डेसिकेटरमध्ये (कोरड्या हवेच्या बंद भांड्यात) ठेवा. निळे जेल गुलाबी झाले असेल तर ते थकलेले आहे, ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांना वाळवा.

आता लिव्हर रूल, म्हणजे लोह-कार्बन आकृतीवरून रचनांचे प्रमाण काढायचा नियम, हातात घ्या. युटेक्टॉइड (जिथे सगळे पर्लाइट होते तो बिंदू) ०.७६ टक्के कार्बन, ७२७ अंश; त्या तापमानाला फेराइटमध्ये मावणारा कार्बन ०.०२२ टक्के. ०.४ टक्के कार्बनला फेराइट (०.७६ − ०.४०) ÷ (०.७६ − ०.०२२), म्हणजे सुमारे ४९ टक्के, आणि पर्लाइट ५१. नॉर्मलाइज केलेल्या नमुन्यात मात्र पर्लाइट याहून जास्त दिसतो, कारण हवेत थंड होताना फेराइटला वेगळे व्हायला पुरेसा वेळ मिळत नाही. आकृती समतोलाची आहे, हे वर्गात दहादा ऐकले तरी स्वतःच्या नमुन्यात हा फरक मोजल्यावरच पटते.

हार्डनेसच्या मशीनवर रॉकवेल सी साठी १२० अंशांचा हिऱ्याचा शंकू आणि १५० किलोचा भार. नमुन्याच्या तळाशी स्केल (ऑक्साइडची पापडी) किंवा बर (कापताना उरलेली धार) राहिली तर आकडा खोटा, बहुधा कमी येतो. इंडेंटर (नमुन्यात रुतणारे टोक) बदलल्यानंतरचे पहिले वाचन सोडा. सीवर २० च्या खाली आकडा आला तर बी स्केल वापरा.

दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीपासून कारखाने बघायला सुरुवात करा. पुण्यासारखी सोय थोड्याच शहरांत आहे: मुंढव्याला भारत फोर्ज, भोसरी-चाकणला फाउंड्री आणि हीट ट्रीटमेंटचे लहान-मोठे कारखाने. मेट्रोचे भोसरी स्टेशन नाशिक फाट्याला आहे, एमआयडीसीला तिथून पुढे बस किंवा रिक्षा लागते. गुरुवारी तिथल्या बऱ्याच कारखान्यांना सुट्टी असते, त्या दिवशी जाऊ नका. विभागप्रमुखांच्या सहीचे पत्र, सेफ्टी शूज आणि वही न्या. मोबाइल गेटवर ठेवावा लागेल असे धरून चला. आत गेल्यावर चकचकीत मशीनपेक्षा रिजेक्शनच्या पेटीपाशी थांबा आणि सुपरवायझर साहेबांना विचारा: हा तुकडा का नाकारला, भट्टीचे तापमान किती होते, तेल किती गरम होते, केस डेप्थ (कडक केलेल्या वरच्या थराची जाडी) किती मागितली आणि किती आली. कारखान्याची परवानगी असेल तर एखादा नाकारलेला तुकडा मागून घ्या, आणि लॅबमध्ये २२० च्या पेपरपासून सुरुवात करा.