राजस्थानचे किल्ले-महाल एकाच फेरीत पाहताय? या चुका टाळा

बिकानेरच्या जुनागढ किल्ल्यात सोनेरी नक्षीच्या एका दालनासमोर बाबा थांबले आणि अगदी मनापासून म्हणाले, “हे परवा पाहिलं की आपण!” परवा आम्ही जोधपूरला होतो. आई म्हणाली, “परवा नाही हो, उदयपूरला.” मला स्वतःलाही क्षणभर खात्री देता येईना. सात दिवस, पाच शहरं, असा तो बेत. तो मीच आखला होता आणि आखताना स्वतःवर भलताच खूश होतो.

नंतर दोनदा तिकडे गेलो. आता ओळखीचं कुणी राजस्थानचा बेत दाखवायला आलं की मी आधी शहरं मोजतो आणि त्यातलं एक खोडतो. बहुतेक वेळा ते उदयपूर असतं. लोक नाराज होतात, पण कारण ऐका.

ठिपके जोडून प्रवास होत नाही

उदयपूर ते जोधपूर साधारण २५० किलोमीटर. जोधपूर–जैसलमेर २८५. जैसलमेर–बिकानेर ३३० आणि बिकानेर–जयपूर पुन्हा तेवढंच. बेरीज बाराशेच्या घरात जाते. रस्ते चांगले आहेत, कबूल. पण चहा, जेवण, रस्त्यात आडव्या बसलेल्या गायी आणि “जरा गाडी थांबवा, उंट आला” हे सगळं धरलं की ३३० किलोमीटरला सात-आठ तास सहज जातात. म्हणजे सातातले चार दिवस गाडीत. उरलेल्या वेळात पाच राजधान्यांचे किल्ले, महाल, हवेल्या, छत्र्या. मग सोन्याचं दालन कुठलं होतं ते कुणाला आठवणार?

साधा हिशेब ठेवा: प्रत्येक शहरात किमान दोन रात्री, आणि लांब पल्ल्याचा दिवस ‘प्रवासाचा दिवस’ म्हणूनच सोडून द्या. त्या दिवशी संध्याकाळी काही पाहायला मिळालं तर ती कमाई.

हिवाळ्यात आणखी एक गंमत होते. जैसलमेर आपल्या मुंबईच्याही पश्चिमेला आहे, पण घड्याळ मात्र तेच. डिसेंबरअखेरीस तिथे सूर्य साडेसातच्या आसपास उगवतो. “पहाटे सहाला निघू” असं कागदावर लिहिलंत तर दीड तास अंधारात, हुडहुडी भरलेल्या अवस्थेत गाडी हाकावी लागते.

उदयपूर का खोडायचं? कारण ते वाळवंट नाही. अरवलीच्या कुशीतलं, तळ्यांचं गाव आहे. चित्तोडगड, कुंभलगड, राणकपूर ही त्याची खरी भावंडं आणि ती सगळी मिळून वेगळी पाच दिवसांची सहल होते. मारवाडच्या फेरीला त्याचं शेपूट जोडलं की दोन्हींची माती होते.

प्रत्येक महालात सगळंच पाहायचं, हा हट्ट

ही माझ्या मते सगळ्यात मोठी चूक, आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. राजवाड्यांत आरसे असतात, झरोके असतात, चांदीचे पाळणे, हौदे, तलवारी असतात. पहिल्या दिवशी तोंडात बोट जातं. तिसऱ्या दिवशी आपण गाइडच्या मागे निमूट चालत असतो. पाचव्या दिवशी अजीर्ण. म्हणून प्रत्येक किल्ल्यात एकच धागा धरून फिरा. बाकीचं दिसेलच.

मी धरलेले धागे असे. जयपूरजवळच्या आमेरला पाणी. खाली माओटा तलाव, वर टेकडीवर महाल. मग पाणी वर कसं चढवत असतील, याचा माग काढत रहाटांच्या जागा शोधायच्या. शीशमहाल वाटेत येतोच. आणि हे सगळं सोडून सवाई जयसिंगांनी १७२७ मध्ये खाली सपाटीवर आखीव-रेखीव जयपूर का वसवलं, हा प्रश्न तिथे उभं राहिलं की आपोआप पडतो.

मेहरानगडला दरवाजे. राव जोधांनी १४५९ मध्ये जोधपूर वसवलं तेव्हापासूनचा हा गड. चढणीवर वाट अशी वळवलेली आहे की हत्तीला धाव घेऊन दाराला धडक देता येऊ नये, आणि दारांवर अणकुचीदार खिळे. आपल्याकडे रायगडाच्या महादरवाज्यात शिरताना वाट कशी बुरुजांच्या बेचक्यात सापडते ते आठवत असेल, तर ही भाषा लगेच कळते. भिंतींवर तोफगोळ्यांच्या खुणा आहेत आणि लोहापोळ या दरवाज्यापाशी सती गेलेल्या राण्यांच्या हातांचे ठसे. तिथे फोटोसाठी हसत उभं राहणारे पाहिले की मला कसंसंच होतं, पण ते असो.

जुनागढला पाऊस. हा किल्ला टेकडीवर नाही, चक्क सपाट जमिनीवर आहे. राजा रायसिंगांच्या काळात, १५८९ ते १५९४ दरम्यान तो उभा राहिला, आणि पुढच्या जवळजवळ प्रत्येक राजाने त्यात आपलं काहीतरी जोडलं. त्यात बादल महाल नावाचं एक दालन आहे. भिंतीभर निळे ढग, मधून वीज, खाली पावसाच्या रेषा. जिथे पाऊस वाट पाहायला लावतो तिथे राजाने तो भिंतीवर काढून घेतला. दुसऱ्या खेपेला बाबांना थेट तिथेच नेलं. ते कोकणातले. बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “एवढ्यावर भागवायचे होय हे लोक?”

जैसलमेरला धागा शोधावा लागत नाही. ११५६ मध्ये रावल जैसलांनी बांधलेल्या या किल्ल्यात आजही माणसं राहतात. गल्लीत वाळत घातलेले कपडे, दुकानं, देवळं, आणि मधून जाणारे तुम्ही-आम्ही. इथली नेहमीची चूक म्हणजे ‘किल्ल्यात राहण्याचा अनुभव’ घ्यायचा म्हणून आतलंच हॉटेल धरणं. हा किल्ला थेंब-थेंब जपणाऱ्या माणसांसाठी बांधला होता. नळ आले, न्हाणीघरं आली, पाहुणे वाढले आणि सांडपाणी टेकडीच्या पोटात मुरू लागलं. पाया भुसभुशीत होऊन भिंती-बुरुजांची पडझड झाली. मी खाली गावात उतरतो. तिथून संध्याकाळी अख्खा किल्ला सोन्यासारखा उजळलेला दिसतो. आत राहिलात तर नेमकं तेच दिसत नाही.

महाल आहे म्हणून आत सोडतीलच असं नाही

जयपूरचा जलमहाल रस्त्यावरून पाहायचा असतो. आत जाता येत नाही. जोधपूरचं उमेद भवन दुष्काळात लोकांना काम मिळावं म्हणून १९२९ ला बांधायला घेतलं आणि १९४३ मध्ये पूर्ण झालं. त्याचा एक भाग हॉटेल, एक राजघराण्याचं निवासस्थान आणि एक छोटं संग्रहालय. तिकिटात तुमच्या वाट्याला येतं ते फक्त संग्रहालय. तिथे अर्धा दिवस राखून ठेवलात तर तासाभरात बाहेर याल आणि उरलेला वेळ चरफडाल.

उदयपूरला जाणारच असाल तर पिछोला तलावातल्या नावेची चौकशी नीट करा. पांढराशुभ्र दिसणारा तो जगनिवास हॉटेल आहे, नाव त्याच्या बाजूने जाते, पण उतरवते जगमंदिर बेटावर.

तिकिटाचा घोळ

जयपुरात एकत्रित तिकीट मिळतं आणि ते फायद्याचं असतं: आमेर, हवामहाल, जंतरमंतर, नाहरगड, अल्बर्ट हॉल वगैरे. पण सिटी पॅलेसच्या दारात ते दाखवलं की माणूस मान हलवतो. जयगडलाही तसंच. कारण सोपं आहे. पहिली ठिकाणं राज्य सरकारकडे, ही दोन राजघराण्याकडे. मेहरानगड, जुनागढ, उदयपूरचा सिटी पॅलेस हीसुद्धा राजघराण्यांच्या किंवा त्यांच्या ट्रस्टच्या हातात, तर चित्तोड-कुंभलगड भारतीय पुरातत्त्व खात्याकडे. मालक कोण ते कळलं की तिकीट, कॅमेऱ्याचे नियम, गाइडची व्यवस्था सगळं वेगळं का, ते कळतं. मेहरानगडला मराठी नाही, पण हिंदी ऑडिओ गाइड घ्या. खुल्या गाइडच्या सुरस कथांपेक्षा बरा. गुडघे कुरकुरत असतील तर तिथे वर जायला लिफ्टही आहे, तिचं तिकीट वेगळं.

वेळ चुकली की अर्धी मजा गेली

हवामहालाचं तोंड पूर्वेला. दुपारी गेलात तर तो मलूल दिसतो. सकाळी समोरून पाहा, आणि आत जायचं दार समोर शोधत बसू नका, ते मागच्या बाजूला आहे. जंतरमंतर याच्या उलट: ढगाळ दिवशी तिथे जाऊन उपयोग नाही, कारण यंत्रं सावलीवर चालतात. सम्राट यंत्राची सावली सरकताना डोळ्यांनी दिसते. तिथली वेळ तुमच्या घड्याळाशी जुळली नाही तर यंत्राला नावं ठेवू नका; ते जयपूरची स्थानिक वेळ दाखवतं, जी आपल्या प्रमाणवेळेच्या जवळपास सत्तावीस मिनिटं मागे असते.

राणकपूरचं जैन मंदिर पर्यटकांना दुपारी बारानंतर खुलं होतं. आम्ही सकाळी दहाला पोचून दोन तास झाडाखाली शेंगदाणे खाल्ले. जैसलमेर किल्ल्यातल्या जैन मंदिरांचं नेमकं उलटं: तिथे सकाळीच जा. दोन्हीकडे चामड्याचा पट्टा, पाकीट बाहेर ठेवावं लागतं.

वाळूतली रात्र

‘डेझर्ट कॅम्प’ म्हणून जे विकलं जातं ते बहुतेक सम गावाजवळ, जैसलमेरपासून चाळीसेक किलोमीटरवर. फोटोत शांत टेकड्या असतात. प्रत्यक्षात सूर्यास्ताला उंट, जीप आणि माणसं यांची जत्रा भरते आणि रात्री तंबूंच्या मधोमध स्पीकर. मुलांना ते आवडतं, त्यात वाईट काही नाही. पण चांदण्यांसाठी जाणार असाल तर खुडीकडचे छोटे मुक्काम पाहा, आणि पैसे देण्याआधी तीनच प्रश्न विचारा: स्पीकर किती वाजता बंद होतो, गरम पाणी मिळेल का, उंटावरची फेरी किती मिनिटांची.

समच्या अलीकडे-पलीकडे डेझर्ट नॅशनल पार्क पसरलेलं आहे. सोलापूरजवळच्या नान्नजला ज्याच्या नावाने अभयारण्य काढलं आणि जो तिथून जवळजवळ नाहीसाच झाला, तो माळढोक इथे अजून तग धरून आहे. तिकडे त्याला गोडावण म्हणतात. दिसेलच याची हमी कुणी देऊ शकत नाही, म्हणून त्यावर बेत उभारू नका. पक्ष्यांची हौस असेल तर जैसलमेर–बिकानेर रस्त्यावर फलोदीजवळचं खीचन गाठा. हिवाळ्यात सकाळी तिथे कुर्जा, म्हणजे कांड्या करकोचे, हजारोंनी दाणे टिपायला उतरतात. उन्हाळ्यात मात्र फलोदीचं नावही काढू नका. १९ मे २०१६ रोजी तिथे ५१ अंश तापमान नोंदलं गेलं होतं. मे महिन्याच्या सुट्टीत “स्वस्त पडतंय” म्हणून जाणाऱ्यांना एवढं पुरे.

गाडी, गाडी, गाडी

जोधपूरला गाडी घेऊन जयपूरला सोडली, तरी रिकामी परतण्याचं भाडं तुमच्याच खिशातून जातं. दर ठरवताना चार गोष्टी मोबाइलवर लिहून घ्या: दिवसाचे किमान किलोमीटर, परतीचे किलोमीटर, टोल-पार्किंग कुणाचं, चालकाचा भत्ता आणि झोपायची सोय. शेवटचं विसरलात तर तो रात्री गाडीतच झोपतो, आणि दुसऱ्या दिवशी ३३० किलोमीटर तोच चालवणार असतो. “साहेब, सरकारी दुकान आहे, फक्त बघा” याला एकदाच, पहिल्याच दिवशी, हसून नाही म्हणायचं.

बेत वाटेतच फसला तर

रेल्वेगाडी चार-पाच तास लेट झाली की सगळे पुढचं वेळापत्रक दाबून बसवू पाहतात. तसं करू नका, एक जागा सरळ काढून टाका. जोधपूरला वेळ कमी पडला तर उमेद भवन जाऊ द्या, मेहरानगड आणि खालचं जुनं गाव ठेवा. जयपूरला एकच दिवस उरला तर आमेर सकाळी, जंतरमंतर दुपारी, बस्स. बिकानेर अर्ध्या दिवसावर आलं तर जुनागढ ठेवा आणि देशनोकचं उंदरांचं देऊळ सोडा.

पोटाचं गणित वेगळं. दाल-बाटी तुपात बुडवून येते, प्याज कचोरी आणि मिरचीवडा सकाळीच समोर येतात, वर माखनिया लस्सी. चौथ्या दिवशी घरातलं कुणीतरी “साधा भात नाही का मिळणार?” म्हणतंच. मिळतो, कढीबरोबर. एक वेळ तेच खा.

नागौर वगळणं

हे खास आपल्या लोकांसाठी. बिकानेरहून जयपूरला सरळ येण्याऐवजी नागौर, मेडता, अजमेर असं आलात तर सत्तर-ऐंशी किलोमीटर जास्त पडतात. नागौरचा अहिछत्रगड मेहरानगडच्याच ट्रस्टने फार निगुतीने सांभाळला आहे आणि तिथे गर्दी जवळजवळ नसते. याच नागौरला वेढा घालून बसलेले असताना १७५५ मध्ये मराठा सरदार जयाप्पा शिंदे दग्याने मारले गेले. जवळच्या ताऊसरला त्यांची छत्री आहे. पुढे मेडत्याला १७९० मध्ये महादजी शिंद्यांच्या फौजेने जोधपूरच्या राठोडांना हरवलं. जयपुरातले गाइड मराठ्यांचा उल्लेख लूट करणारे म्हणून करतात, तेव्हा आपण जरा चुळबुळतो. या वाटेवर आलं की दोन्ही बाजूंनी किती रक्त सांडलं ते दिसतं आणि वाद घालावासा वाटत नाही.

तर माझा बेत असा: वांद्र्याहून सूर्यनगरी एक्स्प्रेसने जोधपूर, तिथे दोन रात्री. जैसलमेर दोन, हवी तर वाळूतली तिसरी. बिकानेर दोन. नागौरवरून जयपूर, तिथे दोन, आणि परत विमानाने. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, तेव्हा दिवाळीची सुट्टी धरणार असाल तर तो दिवस कॅलेंडरवर आत्ताच खुणेने टिपा. दिवाळीनंतरच्या आठवड्यात निम्मा गुजरात तिकडेच असतो. सहाच दिवस असतील तर बिकानेरऐवजी जयपूर गाळा. जयपूर कधीही दोन दिवसांत करता येतं, बिकानेरला मुद्दाम कुणी परत जात नाही.