सिम्युलेशनमध्ये एसडब्ल्यूआर १, गच्चीवर ४: मॅचिंग करताना या चुका टाळा

हौशी रेडिओच्या (हॅमच्या) चाळीस मीटर बँडवर सकाळच्या गप्पांत महिन्यातून एकदा तरी हा प्रश्न येतोच: "काका, एलटीस्पाइसमध्ये एसडब्ल्यूआर १.०१ आला, मग रिगवर ३ का दाखवतोय?" (एलटीस्पाइस हे सर्किट सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर, रिग म्हणजे रेडिओ संच. एसडब्ल्यूआर म्हणजे पॉवर अँटेनाकडून किती परत फिरते त्याचं माप, १ म्हणजे काहीच नाही. मॅचिंग म्हणजे अँटेनाचा इम्पीडन्स, एसीला होणारा विरोध, रिगच्या ५० ओहमशी जुळवणं.) पहिल्यांदा मी यावर अर्धा तास बोललो होतो. आता फक्त लोडबद्दल, म्हणजे सिम्युलेशनमध्ये अँटेनाच्या जागी ठेवलेल्या भागाबद्दल, विचारतो, "लोडच्या जागी काय टाकलंयस?" उत्तर येतं, "शंभर ओहम." कुठून आणलेस शंभर? यावर बँडवर नुसती खरखर.

केबलच्या कुठल्या टोकाला मोजलंत?

ही माझी सगळ्यात नावडती चूक, म्हणून हिच्यावर जरा सविस्तर.

दोनेक वर्षांपूर्वी पुण्यात कोथरूडच्या एका नव्या हॅमने (कॉलसाइन व्हीयू३ ची) सोसायटीच्या गच्चीवर ४० मीटरचा डेल्टा लूप, म्हणजे त्रिकोणी तारेची अँटेना, लावला. (चेअरमनना कसं पटवलं ते त्यालाच ठाऊक.) तार ४३ मीटर, फीडपॉइंट (केबल जोडायची जागा) कठड्यापाशी, तिथून खोलीच्या खिडकीपर्यंत सात मीटर आरजी-५८ केबल, ५० ओहमची. पोरगा हुशार आहे. नॅनोव्हीएनए (इम्पीडन्स मोजणारं छोटं यंत्र) खोलीतल्या टोकाला जोडला, ७.१ मेगाहर्ट्झवर जवळजवळ स्वच्छ २५ ओहम दिसले. म्हणजे एसडब्ल्यूआर २. लगेच सिम्युलेशन. पंचविसाचे पन्नास करायला सिरीजमध्ये ०.५६ मायक्रोहेन्रीची कॉइल आणि ५० ओहमच्या बाजूला शंटमध्ये (समांतर) साधारण ४५० पिकोफॅरडचा कपॅसिटर. आलेखात असा सुरेख खड्डा की फ्रेम करून लावावा. तपकीर गल्लीतून टी-१३०-२ चा लाल टोरॉइड (कॉइल गुंडाळायची कडी) आणला, सात वेढे घातले, ४७० चा सिल्व्हर मायका कपॅसिटर लावला, सगळं पावसाळी डब्यात बंद केलं आणि डबा बसवला वर, फीडपॉइंटला. मॅचिंग अँटेनापाशी असावं, असं कुणीतरी त्याला सांगितलं होतं.

एसडब्ल्यूआर झाला ४.

मग पुढचे दोन आठवडे एक वेढा काढ, एक घाल, कपॅसिटर बदल, टोरॉइड बनावट असेल म्हणून दुसरा आण. माझ्याकडे आला तेव्हा डब्याच्या झाकणाचे स्क्रू झिजले होते.

मी गच्चीवर गेलो, डबा काढला आणि नॅनोव्हीएनए थेट लूपला लावला. १०० ओहम. पूर्ण तरंगलांबीचा लूप साधारण तेवढाच देतो. मग २५ कुठून आले? केबलने दिले. ७.१ मेगाहर्ट्झची पाव तरंगलांबी १०.५६ मीटर, आरजी-५८ चा व्हेलॉसिटी फॅक्टर (केबलमधला लहरीचा वेग प्रकाशवेगाच्या किती पट) ०.६६, म्हणजे केबलमध्ये ती भरते ६.९७ मीटर. याची केबल सात मीटर! पाव तरंगलांबीची केबल इम्पीडन्स उलटा करून दाखवते: पन्नासाचा वर्ग भागिले शंभर, पंचवीस. ते पंचवीस ओहम फक्त त्याच्या टेबलापाशी होते, गच्चीवर कधी नव्हतेच. खाली येऊन त्याच्याच फाइलमध्ये लोड २५ चा १०० केला. एसडब्ल्यूआर आला बरोबर ४. दोन आठवडे तो ज्या सॉफ्टवेअरला शिव्या घालत होता, ते एका आकड्यात खरं सांगायला तयार बसलं होतं.

उपाय निघाला तो आणखी साधा. गच्चीवर डिश टीव्हीची ७५ ओहमची आरजी-६ केबल बेवारस पडली होती. तिचा पाव तरंगलांबीचा तुकडा, फोमवाल्या केबलला साधारण साडेआठ ते पावणेनऊ मीटर, आरजी-५८ च्या जागी लावला. पंचाहत्तरचा वर्ग भागिले शंभर, म्हणजे ५६ ओहम. एसडब्ल्यूआर १.१२. टोरॉइड नाही, डबा नाही. या केबलच्या अॅल्युमिनियमच्या जाळीला सोल्डर धरत नाही, तेवढा मनस्ताप सोसायचा. डबा वाया गेला म्हणून पोरगा हिरमुसला होता, ते वेगळंच.

माझी सवय सांगतो. ओपन, शॉर्ट आणि लोडचं कॅलिब्रेशन मी केबलच्या अँटेनाकडच्या टोकाला करतो. एकदा वर चढावं लागतं, चढायचं. गुडघे नाहीच म्हणाले, तर खाली मोजतो आणि सिम्युलेशनमध्ये केबलही काढतो. एलटीस्पाइसमध्ये टी-लाइनचा भाग घ्यायचा, झेड-नॉट (केबलचा स्वतःचा इम्पीडन्स) ५०, डिले ३५.४ नॅनोसेकंद (हा वरच्या सात मीटरचा). वर अमुक ओहम असतील तर खाली किती दिसतील, हे पडताळून बघायचं. "केबल लहान आहे, काय फरक पडतो" असं म्हणणाऱ्याला मी मोजपट्टी देतो.

एम म्हणजे मेगा नव्हे

एलटीस्पाइसमध्ये आकड्यापुढे नुसता एम लिहिला, मोठा असो वा छोटा, तर अर्थ मिली. ७.१ एम म्हणजे ७.१ मिलीहर्ट्झ. मेगासाठी एमईजी ही तीन अक्षरं लिहायची. तसंच एफ म्हणजे फॅरड नाही, फेम्टो. यात माझी एक अख्खी रात्र गेलेली आहे.

सोर्सला ५० ओहम न देणं

नुसत्या व्होल्टेज सोर्सचा आतला रेझिस्टन्स शून्य असतो, तिथे परावर्तन काय मोजणार? सिरीज रेझिस्टन्स ५० टाका. पुढे.

कॉइल म्हणजे देवाघरचं फूल समजणं

तुम्ही सिरीज रेझिस्टन्सचा रकाना रिकामा सोडलात, की एलटीस्पाइस कॉइलमध्ये आपणहून १ मिलीओहम धरतं. असली कॉइल पृथ्वीवर मिळत नाही. रिअॅक्टन्सला (कॉइलच्या एसी-विरोधाला) क्यू ने, म्हणजे कॉइलच्या गुणवत्तेच्या आकड्याने, भागून येणारा आकडा तिथे टाका. क्यू माहीत नसेल तर मी १०० धरतो. लूपसारख्या सरळ अँटेनाला याने फारसा फरक पडत नाही. पण बाल्कनीत पाच मीटरची काठी उभी करून चाळीस मीटरवर बोलायचं असेल, तर तिचा रेडिएशन रेझिस्टन्स (ज्यातून पॉवर खरोखर हवेत जाते तो भाग) जेमतेम साडेपाच ओहम आणि रिअॅक्टन्स उणे पाचशेतीसच्या आसपास. तो रद्द करायला सुमारे १२ मायक्रोहेन्रीची कॉइल लागते, आणि क्यू १०० असेल तर तिच्यातच ५.३ ओहम. अर्धी पॉवर कॉइल तापवायला जाते. वर गंमत अशी, की हे नुकसान धरलं की मॅचिंग सोपं होतं आणि बँडविड्थ वाढते. त्यामुळे 'माझा एसडब्ल्यूआर बँडभर सपाट आहे' असं कोणी कौतुकाने सांगितलं, की मी आधी कॉइलला हात लावून बघतो. ट्रान्समिट बंद असताना, अर्थात.

एक व्होल्टवर समाधानी राहणं

सोर्सला एसी १ द्यायचा आणि डेसिबल बघायचे, सगळे हेच करतात. मीही केलं. एंड-फेड (टोकाला जोडणी असलेल्या) तारेला २५०० ओहम धरून एल-नेटवर्क (एक कॉइल, एक कपॅसिटर) केलं: ७.८ मायक्रोहेन्री, ६३ पिकोफॅरड. घरात ५० व्होल्टचे सिरॅमिक डिस्क पडलेले होते, त्यातलेच जोडले. ५० वॉटवर पहिल्या हाकेला 'टप्प' आणि तो वास. आजही कुठे सोल्डरिंग चाललं असलं की आठवतो. ५० वॉटला २५०० ओहमवर ३५३ व्होल्ट, शिखर ५०० व्होल्ट. हे गणित पाठ असूनही पडद्यावर एक व्होल्ट दिसत होता, म्हणून डोक्यात आलंच नाही.

तेव्हापासून मी सोर्सला एसी १४१.४ देतो. ५० ओहमच्या सोर्समधून मॅच झालेल्या लोडला त्यातून बरोबर ५० वॉट जातात, आणि आलेखात प्रत्येक कपॅसिटरवरचं खरं शिखर व्होल्टेज दिसतं. सिल्व्हर मायका महाग पडतो, अशी तक्रार माझ्याकडे करू नका.

किरकोळ, पण रोजच्या

सिमस्मिथ या मॅचिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये लोड डावीकडे आणि जनरेटर उजवीकडे असतो. एलटीस्पाइसच्या सवयीने नेटवर्क उलटं काढू नका. १४०.९ पिकोफॅरड बाजारात मागू नका; आधी १५० टाकून बघा. संपूर्ण बँडवर लोड म्हणून एकच रेझिस्टर ठेवून स्वीप केला तर जे दिसतं ते अँटेनाचं नाही, रेझिस्टरचं असतं. नॅनोव्हीएनएची एसवनपी फाइल (मोजलेल्या आकड्यांची) सिमस्मिथ सरळ उघडतं, तीच लोडला लावा.

आणि ती फाइल कधी मोजलेली आहे ते लिहून ठेवा. मे महिन्यात मोजलेला लूप जुलैत ओला झाला की रेझोनन्स खाली सरकतो, आणि लोक सॉफ्टवेअर पुन्हा इन्स्टॉल करत बसतात. माझ्याकडे प्रत्येक अँटेनाच्या दोन फाइली असतात. एकीचं नाव 'कोरडी', दुसरीचं 'ओली'.