खाडीच्या लाटांचं सुती ब्लँकेट, दोन सुयांचं

टेक्स्टाइल डिझाइन शिकणारी माझी भाची समुद्राचं ब्लँकेट विणायचं म्हणून दोरा घेऊन आली, तो बघून मला हसूच आलं. सगळा मातकट नि करडा, निळसर लड्या जेमतेम दीड. "अगं, समुद्र विणतेस की काकवी?" तर म्हणे, "मावशी, कावी-कंबोईला निळं पाणी दिसलं होतं का आपल्याला?"

नव्हतंच दिसलं. बडोद्याला जवळचा समुद्र म्हणजे खंभातचं आखात. मही-नर्मदेचा गाळ त्यात येऊन पडतो. भरती-ओहोटीतला फरक 10 मीटरपर्यंत जातो, कावी-कंबोईचं स्तंभेश्वराचं देऊळ दिवसातून दोनदा पाण्याखाली जातं आणि ओहोटीला नजर पोचेल तिथवर चिखलच. तेव्हा रंग पाहिलेल्या पाण्याचे घ्या. गोव्याचा समुद्र आठवत असेल तर निळा घ्या, कोण अडवतंय!

95 × 120 सेंमीच्या ब्लँकेटला मध्यम जाडीचा सुती दोरा साधारण 800 ग्रॅम लागतो: गडद मातकट 250, वाळूचा 200, करडा 150, हिरवट निळा 150 आणि फेसासाठी पांढरा 50. सुई 7 नंबरची, म्हणजे 4.5 मिमी, टोकदार. टाके पुष्कळ असल्याने लांब गोल सुई बरी. गडद दोऱ्याचा तुकडा आधी ओल्या पांढऱ्या फडक्यात गुंडाळून ठेवा. फडक्याला रंग लागला, तर तो दोरा पांढऱ्याशेजारी नको. मिठाच्या पाण्याने रंग पक्का होतो, यावर विसंबू नका.

नमुना विणाच. 44 टाके, 24 सुया (म्हणजे ओळी). मग तो धुऊन, वाळवून मोजा, कारण सूत पाण्यात पडलं की माप बदलतं. 18 टाक्यांची एक लाट 10-11 सेंमी भरली की झालं. जास्त भरली तर 8 नंबरची, म्हणजे बारीक सुई घ्या.

ही लाटेची वीण स्कॉटलंडजवळच्या शेटलंड बेटांवरची, तिकडे ती लोकरीत करतात. 170 टाके घाला: 18-18च्या 9 लाटा आणि दोन्ही कडांना 4-4. खाली वेगळी पट्टी विणू नका, म्हणजे काठ आपोआप नागमोडी होतो.

पहिली सुई सगळी सुलट.

दुसरी: कडेचे 4-4 सुलट, मधले सगळे उलट.

तिसरी: 4 सुलट, मग तीनदा दोन टाक्यांचा एक, सहादा (धागा पुढे घेऊन 1 सुलट), पुन्हा तीनदा दोनाचा एक. हे 9 वेळा. शेवटी 4 सुलट.

चौथी पुन्हा सगळी सुलट. हिनेच दर्शनी बाजूला लाटेची उठावदार रेघ येते.

एवढंच. या चार सुयांची एक फेरी, तीच परत परत विणायची. सगळी करामत तिसऱ्या सुईत आहे. सहा टाके कमी होतात, सहा वाढतात, म्हणून 18चे 18 राहतात. सूत लोकरीसारखं ताणलं जात नाही, त्यामुळे हात सैल ठेवा, नाहीतर दोनाचा एक करताना सुईचं टोक आतच शिरत नाही. दर 18 टाक्यांनंतर रंगीत दोऱ्याची कडी अडकवा आणि तिसरी सुई झाली की टाके मोजा. मी आळस केला, एका लाटेत 17च उरले, ते दहा सुयांनंतर दिसलं. उसवलं. भाची शहाणी. दर वीस सुयांनी ती सगळ्या टाक्यांतून एक पातळ दोरा ओवून ठेवायची, म्हणजे उसवायचं झालंच तर तिथे थांबता येतं.

रंग नेहमी पहिल्या सुईला बदला. एकदम नको: आधी चार सुयांच्या तीन फेऱ्या जुन्या रंगाच्या नि एक नव्याची, मग दोन-दोन, मग एक-तीन. खालचा चिखल चांगला रुंद येऊ द्या, पांढरा अगदी शेवटी. थांबलेला दोरा कडेने सैल वर न्या. सुती गाठ निसटते, म्हणून टोकं 10 सेंमी ठेवून मागून सुईने ओवून घ्या.

टाके बंद करताना 6 नंबरची, म्हणजे जाड सुई वापरा, कड आवळत नाही. धुतल्यावर दोरीवर टाकू नका, ओलं सूत स्वतःच्या वजनाने लांबतं. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा, खाटेवर सावलीत पसरा आणि काठाची टोकं बोटांनी ओढून बसवा.