फुगे फटाफट का फुटत होते

मे महिना, नागपूर, लॉनवरचा वाढदिवस. संध्याकाळचे साडेपाच, पण ऊन अजून हटलेलं नव्हतं. मी चेहरेही रंगवतो आणि फुग्यांचे कुत्रे-तलवारीही करतो. त्या दिवशी तिसरी पिळ मारली की फट्ट! एका पोरीचा कुत्रा चारदा फुटला. चौथ्यांदा ती रडली नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली. ते जास्त लागलं.

आधी दोष फुग्यांना दिला. २६०चे, म्हणजे फुगवल्यावर २ इंच जाड, ६० इंच लांब. पाकीट बदललं, तेच. मग हाताकडे लक्ष गेलं. एका मुलाच्या चेहऱ्यावरचा बिघडलेला वाघ मी खोबरेल तेलाने पुसला होता आणि तेच हात पँटला पुसून फुगे घेतले होते. लॅटेक्सला तेल चालत नाही, रबर कमकुवत होतं. हे मला माहीत होतं, बरं का!

साबणाने हात धुतले. रंग पुसायला आता साबण-पाणी आणि ओला रुमालच. तेलाची बाटली घरी.

उन्हाचा भाग उरलाच होता. आत हवा पसरते, म्हणून शेपटी, म्हणजे फुग्याचं न फुगवलेलं टोक, चार बोटांऐवजी सहा-सात बोटं ठेवली आणि गाठ मारण्याआधी थोडी हवा सोडली. उन्हात लवकर तापणारे काळे-निळे फुगे बाजूला, पांढरे-पिवळे पुढे. टेबल मांडवाच्या सावलीत ओढलं. गवतावर पडलेला फुगा मात्र तरीही फुटतोच, पाती टोचतात. आईबापांना ते आधीच सांगून टाकतो.

पाचवा कुत्रा पिवळा केला. घरी पोचला म्हणे.