पहिली-दुसरीला हालचालींच्या खेळांतून इंग्रजी शिकवताना या चुका टाळा

महाराष्ट्रातील मराठी माध्यमाच्या शाळांत जून २००० पासून इंग्रजी पहिलीपासून शिकवले जाते. एवढ्या वर्षांत कृतियुक्त गाणी, चित्रकार्डांच्या शर्यती आणि ‘स्टँड अप, सिट डाउन’ यांसारखे खेळ पहिली-दुसरीच्या बहुतेक शिक्षकांच्या अंगवळणी पडले आहेत आणि मुलांनाही ते मनापासून आवडतात. तरीही असे पुष्कळदा घडते की, मुले अर्धा तास उड्या मारतात, घामाघूम होतात, आणि दुसऱ्या दिवशी बाईंनी जागेवर बसून नुसते ‘टच युवर नी’ म्हटले, तर चार-पाच जण सोडून बाकीची मुले एकमेकांच्या तोंडाकडे पाहत राहतात. याचे खापर ‘घरी इंग्रजीचे वातावरण नाही’ या कारणावर फोडले जाते. मला मात्र अनुभवाने असे वाटते की, दोष बहुधा खेळाच्या रचनेत असतो आणि तो हाती असलेल्या साहित्यातच दुरुस्त करता येतो.

खेळ निवडताना एक कसोटी लावावी. खेळ रंगात आला असताना आपला घसा बसला आणि आवाजच फुटेनासा झाला, तर मुले तो खेळ तसाच पुढे चालू ठेवू शकतील का? ठेवू शकत असतील, तर त्या खेळाला इंग्रजीची गरजच नाही. खाली सांगितलेल्या बहुतेक चुका या एकाच कसोटीवर उघड्या पडतात.

ऐकल्यावाचून जिंकता येणारी शर्यत

सर्वाधिक खेळली जाणारी शर्यत घेऊ. वर्गाच्या दोन रांगा, समोर टेबलावर चित्रकार्डे, शिक्षक ‘ब्लू’ म्हणतात आणि प्रत्येक रांगेतला पहिला मुलगा धावत जाऊन निळे कार्ड उचलतो. बत्तीस मुलांचा पट असेल, तर सोळा-सोळाच्या दोन रांगा होतात. एका फेरीला वीस सेकंद धरली, तरी सगळ्यांची पाळी संपायला पाच मिनिटांहून अधिक वेळ लागतो आणि तेवढ्या वेळात प्रत्येक मुलाने स्वतःच्या गरजेपोटी ऐकलेला शब्द असतो एक. उरलेला वेळ रांगेत ढकलाढकली करण्यात जातो. त्यातही मागून ‘ते निळं उचल, निळं!’ असा ओरडा सुरू झाला की, धावणाऱ्यालाही इंग्रजी शब्द ऐकण्याचे कारण उरत नाही; तो मराठी ऐकतो आणि पायांच्या वेगावर जिंकतो.

हीच कार्डे चार भिंतींवर लावून साऱ्या वर्गाला वर्गाच्या मध्यभागी उभे केले, तर प्रत्येक हाकेला बत्तीसही मुलांना काही ना काही करावे लागते. यात कळपामागे धावण्याचा धोका असतो, म्हणून दोन टप्पे करावेत. आधी सर्वांनी डोळे मिटून जागेवरूनच बोट दाखवायचे, मग डोळे उघडून त्या भिंतीकडे चालत जायचे. डोळे मिटलेल्या त्या दोन सेकंदांत कोणाला शब्द कळला आणि कोणाला नाही, हे लेखी चाचणीशिवाय दिसते.

आपण स्वतः करत राहणे

अमेरिकेतील सॅन होजे स्टेट विद्यापीठातील मानसशास्त्राचे प्राध्यापक जेम्स अ‍ॅशर यांनी १९६० च्या दशकात सूचना आणि शारीरिक कृती यांची सांगड घालणारी अध्यापनपद्धती मांडली. ‘टोटल फिजिकल रिस्पॉन्स’ या नावाने ती ओळखली जाते. तान्हे मूल बोलू लागण्यापूर्वी कितीतरी महिने ‘इकडे बघ’, ‘बाळ टाळी वाजव’, ‘दे मला’ अशी वाक्ये ऐकून त्यांप्रमाणे वागत असते, हे निरीक्षण या पद्धतीच्या मुळाशी आहे. त्यामुळे शिक्षकाने आधी सूचना देता देता स्वतः कृती करून दाखवायची, नंतर केवळ सूचना द्यायची आणि पुढे ऐकलेले शब्द नव्या जुळणीत वापरायचे, असा तिचा क्रम आहे. आपल्याकडे पहिली पायरी उत्साहाने घेतली जाते आणि बहुतेक वेळा तिथेच मुक्काम होतो. ‘जंप’ म्हणताना शिक्षक स्वतः उडी मारतात, ‘क्लॅप’ म्हणताना टाळी वाजवतात; मग मुलांना कान वापरण्याचे कारणच राहत नाही.

दुसरीच्या एका वर्गात मीही बरेच दिवस हेच करत होते. हात पाठीमागे बांधून सूचना द्यायला सुरुवात केली, त्या दिवशी तिसऱ्या रांगेतली एक मुलगी माझ्या लक्षात आली. तिची कृती नेहमी बरोबर असे, फक्त पापणी लवावी एवढी उशिरा. तिचे डोळे माझ्याकडे नव्हते, शेजारणीच्या कोपरावर होते. ते कोपर हलले की हिचे हलायचे. आधीच्या सगळ्या दिवसांत मी तिला ‘येते’ या खान्यात धरले होते. त्यानंतर मी प्रत्येक नव्या सूचनेच्या तिसऱ्या वेळेपासून हात बांधून घेण्याचा आणि अधूनमधून मुलांना पाठमोरे किंवा डोळे मिटून उभे करण्याचा नेम ठेवला. नक्कल करणे हा मुलांचा अपराध नव्हे. नवीन शब्दाच्या पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत तो त्यांचा आधारच असतो. तो आधार कधी काढून घ्यायचा, हे मात्र शिक्षकाने ठरवले पाहिजे.

याच चुकीची जुळी बहीण म्हणजे ठरलेला क्रम. ‘स्टँड अप, सिट डाउन, टर्न अराउंड’ हे रोज याच ओळीने आले, तर आठवड्याभरात मुलांना ते पाढ्यासारखे पाठ होते आणि ‘स्टँड अप’नंतर ‘टर्न अराउंड’ म्हटले तरी वर्ग खाली बसतो. क्रम बदलावा, एकच सूचना लागोपाठ दोनदा द्यावी, ‘वॉक टू द डोअर’ आणि ‘टच द विंडो’ येत असेल तर एके दिवशी अचानक ‘वॉक टू द विंडो’ म्हणावे. कधी न ऐकलेले वाक्य आपल्याला कळले, हे मुलाच्या ध्यानात येते तेव्हा त्याचा चेहरा पाहण्यासारखा असतो.

आपले खेळ, पण नीट पारखून

मुलांना ठाऊक असलेले खेळ वापरले की नियम समजावण्यात वेळ जात नाही, त्यामुळे ‘तळ्यात-मळ्यात’ आणि ‘शिवाजी म्हणतो’ यांचा इंग्रजीसाठी आवर्जून उपयोग होतो. तो व्हावाच, पण दोन्हींत एकेक खाच आहे.

‘तळ्यात-मळ्यात’मध्ये ‘इन’ आणि ‘आउट’ असे दोनच पर्याय ठेवले, तर काहीही न कळलेले मूलसुद्धा अंदाजाने निम्म्या वेळा बरोबर ठरते. वर्तुळाच्या आत, रेषेवर आणि बाहेर अशा तीन जागा केल्या आणि ‘इन द सर्कल’, ‘ऑन द लाइन’, ‘आउट’ अशा हाका दिल्या, की अंदाजाचा वाव कमी होतो. मराठी मुलांसाठी या खेळाचे मोल आणखी एका कारणाने मोठे आहे. आपण ‘वर्तुळात’, ‘रेषेवर’ म्हणतो, म्हणजे जागा दाखवणारा भाग नामाच्या शेवटी चिकटतो. इंग्रजीत तो नामाच्या आधी, सुटा आणि बहुधा हलक्या उच्चारात येतो. मराठी कान शब्दाच्या शेवटाकडे लागलेला असल्यामुळे ‘ऑन द बेंच’मधले ‘बेंच’ पकडतो आणि ‘ऑन’ सोडून देतो. म्हणूनच ‘अंडर द बेंच’ म्हटल्यावरही निम्मा वर्ग बाकावर चढलेला दिसतो. एकच वस्तू कायम ठेवून फक्त आधीचा शब्द बदलत राहिले, की मुलांना त्या छोट्या शब्दाकडे कान द्यावाच लागतो.

‘शिवाजी म्हणतो’ या खेळात मुलाचे सारे लक्ष ‘शिवाजी म्हणतो’ हे शब्द उच्चारले गेले की नाही, याकडे असते. पुढची इंग्रजी सूचना नवी असेल, तर ती शेजाऱ्याकडे पाहूनच निभावली जाते. म्हणून हा खेळ नवीन शब्द शिकवण्यासाठी घेऊ नये; जे शब्द वर्गाला पक्के आले आहेत, त्यांच्या उजळणीसाठी तो उत्तम आहे.

बाद करणे

मला सर्वांत जास्त खटकणारी चूक ही आहे. सूचना चुकली की मूल बाद होते आणि भिंतीला टेकून बसते. आता विचार करावा की, पहिल्या दोन मिनिटांत कोण बाद होते? ज्याला शब्द येत नाहीत तेच. ज्याला सरावाची सर्वाधिक गरज, त्याचा सराव सर्वांत आधी बंद होतो आणि ज्यांना सगळे येते, ती चार मुले शेवटपर्यंत सराव करत राहतात. काही ठिकाणी याच्याही पुढे जाऊन, जो चुकेल त्याच्यावर राज्य येते आणि इंग्रजीत सूचना देण्याचे काम त्याच्या गळ्यात पडते. ज्याला ऐकून कळलेले नाही, त्याने ते साऱ्या वर्गापुढे बोलून दाखवायचे, असा त्याचा अर्थ होतो.

आपल्या गल्लीतल्या खेळांत यावर जुना आणि शहाणा उपाय आहे. धाकटे भावंड खेळायला आले की ते ‘कच्चं लिंबू’ ठरते. ते सगळ्यांबरोबर पळते, चुकते, पण बाद होत नाही. नव्या शब्दांचे पहिले काही दिवस संपूर्ण वर्ग कच्चे लिंबू धरावा. चुकल्यावर एक पाऊल मागे आणि पुढची सूचना बरोबर केल्यावर पुन्हा एक पाऊल पुढे, एवढा हिशेब खेळातली चुरस टिकवायला पुरतो. सूचना देण्याची पाळी ज्यांना हवी त्यांनाच द्यावी. काही मुले महिनाभर एकही इंग्रजी शब्द उच्चारत नाहीत, तरी सांगितलेले सगळे बिनचूक करतात. त्यांना बोलते करण्याची घाई करू नये.

मराठी कुठे आणि इंग्रजी कुठे

येथे दोन विरुद्ध टोकांच्या चुका होतात. काही शिक्षक ‘जंप, म्हणजे उडी मारा’ असे प्रत्येक वेळी म्हणतात. मुले हुशार असतात, ती पहिला शब्द सोडून देतात आणि ‘उडी’ची वाट पाहतात. उलट काही जण खेळाचे नियमही इंग्रजीतच सांगण्याचा हट्ट धरतात, त्यात दहा मिनिटे जातात आणि खेळ सुरू होईपर्यंत वर्ग विस्कटलेला असतो. नियम मुलांच्या भाषेत सांगावेत. ती भाषा मेळघाटात कोरकू असेल, नंदुरबारकडे पावरी असेल, गडचिरोलीत गोंडी असेल. शिक्षकाला ती येत नसेल तर वर्गातल्या मोठ्या मुलाची मदत घ्यावी. शब्दाचा अर्थ मात्र कृतीने द्यावा आणि एकदा खेळ सुरू झाला की सूचनेला भाषांतराची शेपटी जोडू नये.

गोंगाट, जागा आणि पाऊस

गोंगाट झाला म्हणजे खेळ फसला असे नाही, पण सूचना ऐकू येत नसेल तर खेळाचे प्रयोजनच संपते. पहिला खेळ शिकवण्याआधी थांबण्याची खूण शिकवावी. ‘फ्रीझ’ म्हटल्यावर आहे त्या स्थितीत पुतळा व्हायचे, एवढाच खेळ दोन दिवस घ्यावा. शिक्षकाने आवाज चढवला की वर्ग त्याच्या वर चढतो; हळू आवाजात दिलेली सूचना ऐकण्यासाठी मुले आपणहून एकमेकांना गप्प करतात.

धावण्याचे खेळ मैदानावरच घ्यावेत. वर्गात दप्तरे वाटेत असतात आणि पावसाळ्यात ओल्या पायांनी शहाबादी फरशी निसरडी होते. वर्गात ‘रन’ऐवजी ‘टिपटो’, ‘हॉप’, ‘वॉक स्लोली’ ठेवले तर पडापडी टळते आणि शब्दही वाढतात. ज्या मुलाला चालण्यात अडचण आहे, त्याला गुणलेखक करून बाजूला बसवणे हा उपाय नव्हे. हात, मान, खांदे, बोटे यांच्या सूचना पुरेशा असतील अशीच खेळाची आखणी करावी, म्हणजे त्याच्यासाठी वेगळे काही करण्याची वेळच येत नाही.

पावसाची झड लागलेल्या दिवसांत मी बोटांचा माणूस चालवते. प्रत्येक मुलाने तर्जनी आणि मधले बोट पायांसारखे बाकावर उभे करायचे, शेजारी एक वही आणि एक खोडरबर ठेवायचे आणि सूचना ऐकायच्या: ‘वॉक टू द बुक’, ‘क्लाइंब ऑन द बुक’, ‘जंप ओव्हर द रबर’, ‘हाइड अंडर द बुक’. पत्र्यावरचा पाऊस वाजत असतो, म्हणून मुले पुढे वाकून ऐकतात. शेजाऱ्याची बोटे त्याच्या वहीच्या आड असतात, त्यामुळे पाहून करणेही अवघड जाते. मी रांगांमधून फिरत दररोज पाचच मुलांची बोटे पाहते आणि कोणता शब्द अडला, त्याची हजेरीपटाच्या मागच्या पानावर पेन्सिलने नोंद करते. पाऊस उघडला की मैदानावरचा पहिला खेळ त्याच अडलेल्या शब्दांचा घेते.