विहिरीचे, बोअरचे पाणी पिकाला चालेल का, हे कसे तपासावे

पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या काही भागांत, खारे पाणी जिभेलाच कळते. पण जमीन चोपण (सोडियममुळे घट्ट, पाणी न मुरणारी) करणारे पाणी चवीला खटकेलच असे नाही. म्हणून प्रयोगशाळेचा अहवाल हवा, आणि तो वाचताही यायला हवा.

नमुना घ्या. मोटर १५-२० मिनिटे चालू द्या. पाइपात साचलेले पाणी निघून जाऊ द्या. विहिरीला मोटर नसेल तर काठावरचे पाणी न घेता मधले, थोडे खोलवरचे घ्या. एक लिटरची स्वच्छ प्लास्टिक बाटली त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळा आणि हवा न राहील अशी काठोकाठ भरा. औषधाची रिकामी बाटली कितीही धुतली तरी नको. गट नंबर, तारीख, खोली, पीक लिहा आणि शक्यतो २४ तासांत कृषी विज्ञान केंद्र किंवा कृषी विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत द्या. उन्हाळ्याच्या शेवटी एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा तपासा, क्षार बदलतात.

अहवालात काय पाहायचे? बरेच जण आधी सामू (पीएच) पाहतात. तो ६.५ ते ८.४ असेल तर पुढे जा. माझ्या मते निर्णयाला तो सर्वांत कमी कामाचा.

विद्युत वाहकता म्हणजे विरघळलेल्या क्षारांचा अंदाज. ०.७५ डेसिसायमन प्रति मीटरपर्यंत सहसा चिंता नसते. ०.७५ ते २.२५ मध्ये निचरा चांगला हवा आणि पीकही सोसणारे हवे. कापूस, बार्ली क्षार बरेच सोसतात. कांदा, घेवडा, संत्रा-मोसंबी लवकर हार खातात. २.२५ च्या वर नेहमीच्या ओलिताला पाणी टाळाच.

खरी गोम सोडियममध्ये आहे, आणि घरातल्या टीडीएस मीटरवर ती दिसत नाही. समजा, अहवालात एका लिटरमध्ये सोडियम २३० मिलिग्रॅम, कॅल्शियम ६०, मॅग्नेशियम २४, बायकार्बोनेट ४८८ आहे. त्यांना अनुक्रमे २३, २०, १२ आणि ६१ ने भागा. मिलिइक्विव्हॅलंट (वेगवेगळ्या क्षारांची एकमेकांशी तुलना करता येणारे एकक) मिळाले १०, ३, २ आणि ८.

सोडियम शोषण गुणोत्तर, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या तुलनेत सोडियम किती, हे काढायला कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या बेरजेचे अर्धे करा, त्याचे वर्गमूळ घ्या आणि त्याने सोडियमला भागा. इथे उत्तर सुमारे ६.३. दहाच्या आत, म्हणजे बरे.

आता बायकार्बोनेटमधून (कार्बोनेट असेल तर तेही मिळवून) कॅल्शियम-मॅग्नेशियमची बेरीज वजा करा: ८ वजा ५ म्हणजे ३. हे अवशिष्ट सोडियम कार्बोनेट. १.२५ पर्यंत सुरक्षित, २.५ पर्यंत जपून, त्यापुढे अयोग्य. पहिल्या कसोटीत पास झालेले पाणी इथे नापास! काळ्या भारी जमिनीत असे पाणी वर्षानुवर्षे दिले की ती चोपण होते, पाणी मुरत नाही, वाफसा येत नाही.

उपाय. अवशिष्ट सोडियम कार्बोनेट लिटरमागे एक मिलिइक्विव्हॅलंटने कमी करायला हजार लिटर पाण्यामागे ८६ ग्रॅम शुद्ध जिप्सम (कॅल्शियम सल्फेट) लागते. आपल्या उदाहरणात ३ वरून १.२५ वर यायला दीडशे ग्रॅम. एकराला ५ सेंटिमीटर पाणी दिले, म्हणजे सुमारे दोन लाख लिटर, तर एका पाळीला ३० किलो. बाजारातले जिप्सम शुद्ध नसते, त्या हिशेबाने वाढवा. ठिबक असेल तर ते पाण्यात सोडू नका, ड्रिपर तुंबतील. जमिनीवर पसरून मातीत मिसळा. मात्र निचऱ्याला चर नसेल तर जिप्सममधल्या कॅल्शियममुळे मातीतून सुटलेले सोडियम मुळांपाशीच राहते, तेव्हा जिप्समची पोती आणण्याआधी चर काढून घ्या.