बोंडं फोडली, पण भागलं कशानं? गुलाबी बोंडअळीचा हिशेब

दसऱ्याच्या आगेमागे कपाशी हिरव्या बोंडांनी भरलेली असते आणि गुलाबी बोंडअळीही याच दिवसांत जोर धरते. अळी आत शिरली की छिद्र बुजतं. बाहेरून बोंड ठणठणीत दिसतं. बांधावरून नजर टाकून काही कळत नाही, बोंड फोडावंच लागतं.

एकरी 20 मध्यम आकाराची हिरवी बोंडं तोडा, शेतात तिरकं चालत, वेगवेगळ्या झाडांवरून. संशय येईल तेवढीच बोंडं वेचली तर आकडा फुगतो आणि फवारणीचा खर्च उगाच अंगावर बसतो. फोडल्यावर तीन ढीग करा: अळी असलेली, अळी नाही पण सडलेली, निरोगी. सडही आहे आणि अळीही, असं बोंड अळीच्याच ढिगात टाका, दोन्हीकडे मोजू नका. तिन्ही ढीग मिळून 20 भरले पाहिजेत. लहान अळी पांढरट असते, गुलाबी रंग तिला नंतर येतो; पांढरी दिसली म्हणून सोडून देऊ नका. 20 पैकी 2 बोंडांत अळी म्हणजे 10 टक्के. इथं फवारणीचा निर्णय घ्यायचा.

खरी गडबड पुढे होते. समजा, मानवतकडच्या एका शेतकऱ्याचं तीन एकर रान आहे. पहिल्या एकराच्या धुऱ्याला गेल्या वर्षीच्या पऱ्हाट्यांची (कपाशीच्या वाळलेल्या काड्यांची) गंजी तशीच पडून आहे. त्या एकरात 20 पैकी 5 बोंडं किडकी निघाली, उरलेल्या दोन एकरांत 20 पैकी एक-एक. एकूण 60 पैकी 7, म्हणजे जवळपास 12 टक्के. या आकड्यावर गेलात तर तिन्ही एकर फवारणार. पण एकरवार पाहा: गंजीजवळ 25 टक्के, बाकी दोन्हीकडे 5 टक्के. गंजीजवळचा एकर लगेच फवारा, शिफारशीतलंच कीटकनाशक घ्या आणि गंजी तिथून हलवून नष्ट करा. बाकीच्या दोन एकरांत चार-पाच दिवसांनी पुन्हा बोंडं फोडा.

याच आकड्यांतून पारावर वेगळीच बातमी निघते: ‘गंजीजवळ सत्तर टक्के कीड!’ सात किडक्या बोंडांपैकी पाच गंजीजवळची, म्हणजे 71 टक्के, हे खरं. पण तिथं भागलं किडक्या बोंडांनी. फवारणी ठरवायची तर त्या एकरातल्या फोडलेल्या सगळ्या बोंडांनी भागायला हवं. टक्केवारी कुणीही सांगितली तरी आधी विचारा, ‘कितीपैकी?’

आता उलट बाजू. 20 बोंडं फोडली आणि एकातही अळी नाही, म्हणून निर्धास्त होऊ नका. शेतातली 10 टक्के बोंडं किडकी असली तरी 20 बोंडांत एकही न सापडण्याची शक्यता सुमारे 12 टक्के असते. प्रादुर्भाव 5 टक्के असेल तर ती 36 टक्क्यांवर जाते. 40 बोंडं फोडली तर 10 टक्क्यांचा प्रादुर्भाव नजरेतून सुटण्याची शक्यता दीड टक्क्यावर येते. शेत मोठं किंवा शेजारी कीड निघालेली असेल तर चाळीसच फोडा, आणि दर आठवड्याला फोडा.

जोडीला एकरी दोन कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग ओढून घेणारे) लावून रोज सकाळी पतंग मोजा. सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात आठ किंवा जास्त पतंग आले तर बोंडांचा आकडा कमी असला तरी फवारणी लांबवू नका. सापळ्यातली ल्यूर, म्हणजे वासाची गोळी, मुदतीत बदला, नाहीतर पतंग असूनही सापळा रिकामाच दिसेल.